आर्थर लो : पन्नाशीनंतर उजाडलेला नट

मुक्कामपोस्ट

गेल्या आठवड्यात थेटफर्डला जाऊन आलो. इंग्लंडच्या पूर्वेकडचं, नॉरफक परगण्यातलं गाव. तिथे नदीकाठी एक बाकडं आहे आणि त्यावर लष्करी वेशातला एक गृहस्थ बसलाय, ब्रॉन्झचा. शेजारची जागा मोकळी ठेवली आहे. लोक येतात, बसतात, फोटो काढून जातात. मी पोचलो तेव्हा तिथे एक आजी एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून सँडविच काढून सावकाश खाल्लं, जाताना पुतळ्याच्या गुडघ्यावर सांडलेले कण रुमालाने झटकले आणि निघाल्या. आपल्या माणसाच्या अंगावरचे झटकावेत तसे.

पुतळा कॅप्टन मॅनरिंगचा आहे, बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' मालिकेतला. आडनाव लिहितात मेनवेअरिंगसारखं आणि म्हणतात मॅनरिंग. इंग्लंडमध्ये येऊन मला वर्ष झालं होतं तेव्हा वाचनालयातून या मालिकेच्या डीव्हीडी आणल्या होत्या आणि ते नाव लिहिलेलं पाहून दुसरंच कोणीतरी पात्र असेल असं वाटलं होतं. पुतळा २०१० साली बसवला. ज्याचा चेहरा त्याला दिलाय तो नट १९८२ मध्येच गेला. मॅनरिंगबद्दल भरपूर लिहिलं जातं, म्हणून हा धागा आर्थर लो या नटाबद्दल.

जन्म २२ सप्टेंबर १९१५, डर्बीशायरमधल्या हेफील्ड गावात. एकुलता एक. वडील रेल्वेत होते आणि त्यांचं काम मोठं छान होतं: गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्यांना त्यांच्या पेट्या-पडद्यांसकट एका गावाहून दुसऱ्या गावी नेणाऱ्या खास गाड्यांची व्यवस्था लावायची. पोराला मात्र नाटकाचं वेड नव्हतं, त्याला समुद्रावर जायचं होतं. व्यापारी जहाजांवर भरती व्हायला गेला आणि डोळे अधू म्हणून परत पाठवला गेला. मग मँचेस्टरमध्ये किरकोळ नोकऱ्या, विमानांचा कारखाना आणि युद्धाच्या तोंडावर सैन्यात भरती. मध्यपूर्वेत असताना जवानांच्या करमणुकीसाठी बसवलेल्या कार्यक्रमांत तो उभा राहिला आणि तिथेच त्याला आपलं काम सापडलं. तोवर पंचविशी ओलांडली होती.

१९४५ मध्ये तो मँचेस्टर रेपर्टरीत लागला. आठवड्याला पाच पौंड आणि रोज रात्री दोन खेळ. रेपर्टरी म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा माणूस कळत नाही. एक ठरलेली मंडळी, एक थिएटर आणि बहुधा दर आठवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा खेळ, रात्री खोलीवर जाऊन पाठांतर. या सोमवारी तुम्ही पाद्री, पुढच्या सोमवारी खुनी, त्याच्या पुढच्या सोमवारी कोणाचातरी सासरा. पात्राचा स्वभाव शोधत बसायला वेळच नसायचा. चालायचं कसं, टोपी कुठे ठेवायची, चष्मा कधी काढायचा, एवढं ठरवून उभं राहायचं. लो तिशीतच म्हाताऱ्यांची कामं करत होता, कारण बुटका, गोल, डोक्यावरचे केस जायला लागलेले. नायक होण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून नव्हती.

तिथेच त्याला जोन कूपर भेटली, ती त्याच कंपनीत नटी होती. १९४८ मध्ये लग्न झालं आणि ते त्याच्या मरणापर्यंत टिकलं. तिच्याबद्दल पुढे बोलणं होईलच.

१९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या चित्रपटात अगदी शेवटी तुरुंगाच्या दारात एक वार्ताहर येतो. दोन वाक्यांचं काम. तो लो. पुढची अकरा वर्षं अशीच गेली: कारकून, वार्ताहर, दुकानदार, वेस्ट एंडच्या 'कॉल मी मॅडम', 'पाल जोई', 'पजामा गेम' या संगीत नाटकांतली दुय्यम कामं. १९६० मध्ये दुसऱ्या वाहिनीवर, आयटीव्हीवर, 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका सुरू झाली आणि त्यात कापडदुकान सांभाळणारा, चर्चमध्ये प्रवचन देणारा लेनर्ड स्विंडली त्याला मिळाला. पंचेचाळिसाव्या वर्षी लोक त्याला रस्त्यात ओळखायला लागले. हे काम त्याने पाच वर्षं केलं आणि त्याच काळात जॉन ऑस्बर्नचं 'इनअ‍ॅडमिसिबल एव्हिडन्स' हे नाटकही केलं. दोन्ही एकाच वेळी करणारे नट फार नव्हते. पुढे १९६८ मध्ये थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिएने त्याला नॅशनल थिएटरमध्ये बोलावलं आणि १९७४ मध्ये तितकाच थोर नट जॉन गिलगुडबरोबर शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये तो दारुड्या स्टेफानो झाला.

आणि मध्ये ३१ जुलै १९६८. 'डॅड्स आर्मी'चा पहिला भाग. मॅनरिंगच्या कामासाठी आधी थॉर्ली वॉल्टर्सला विचारलं होतं, मग जॉन पर्टवीला. लेखक जिमी पेरीला लो हवा होता, पण बीबीसीच्या वरिष्ठांच्या लेखी तो दुसऱ्या वाहिनीचा माणूस होता. शेवटी त्यालाच घेतलं. नऊ पर्वं, ८० भाग, १९७७ पर्यंत. भर बहरात एकेका भागाला एक कोटी ऐंशी लाख लोक बसायचे.

गोष्ट १९४० ची. जर्मन उतरणार या भीतीने मे महिन्यात अँथनी ईडनने रेडिओवरून आवाहन केलं आणि सैन्यात जाऊ न शकणारे म्हातारे, पोरं, अधू लोक गावोगाव पहाऱ्याला उभे राहिले. पेरी स्वतः पोरवयात वॉटफर्डच्या अशा तुकडीत होता. मालिकेतल्या काल्पनिक किनारी गावात बँकेचा मॅनेजर स्वतःच कॅप्टन होऊन बसतो आणि त्याच्या हाताखालचा बँकेतला कारकून विल्सन सार्जंट होतो. मेख इथे आहे. कारकून बड्या घरचा, महागड्या शाळेत शिकलेला, आळसटलेला, देखणा. मॅनेजर साध्या घरचा, गावच्या ग्रामर स्कूलमधून घासून वर आलेला. हुकूम हा देतो आणि मान मात्र आपसूक त्याला मिळतो. ८० भागांत मॅनरिंगला हे एकदाही विसरता येत नाही.

लो हे कसं दाखवतो ते पाहण्यासारखं आहे. विल्सन हलक्या आवाजात 'असं करणं शहाणपणाचं होईल का साहेब?' अशा अर्थाचं काहीतरी विचारतो. लो लगेच उत्तर देत नाही. आधी गालांत थोडी हवा भरतो, हनुवटी आत घेतो, नजर विल्सनकडे न नेता समोर ठेवतो, मग बोलतो. त्या दीड सेकंदात शाळा, आडनाव, बापाचा धंदा, सगळं येऊन जातं.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. ज्यांनी नाही त्यांनीही विचारा.

रानवारा

सुरेख लिहिलंयस. आमच्याकडे हा माणूस वेगळ्याच दारातून आला. मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही लेस्टरला होतो. तिला 'मिस्टर मेन'ची जुनी कार्टून्स लावून द्यायचो. १९७४ ची, चित्रं अगदी साधी, रंगीत गोळे आणि त्यांना हातपाय. निवेदन आणि सगळ्या पात्रांचे आवाज एकाच माणसाचे. आवाज असा, की शेजारचे काका जेवण झाल्यावर पाय पसरून गोष्ट सांगतायत. मुलगी गडबड न करता ऐकायची. तो आवाज आर्थर लोचा होता हे मला सात-आठ वर्षांनी कळलं. मग मॅनरिंग पाहिला तेव्हा मुलगी दुसऱ्या खोलीतून धावत आली, 'हे मिस्टर टिकलचे काका!'

लहान मुलांशी बोलताना तो आवाज बारीक करत नाही, गोड करत नाही. म्हणूनच पोरं ऐकतात असं मला वाटतं.

पडवी

मुक्कामपोस्ट, तुमचा तो परिच्छेद दोनदा वाचला. माझे वडील सातारा जिल्ह्यात एका सरकारी बँकेचे शाखाधिकारी होते. वारावर जेवून शिकले. त्यांच्या हाताखाली एक वाड्यातले कारकून होते, आडनाव घेतलं की तालुका उभा राहायचा. गावातला माणूस शाखेत आला की आधी त्यांना हात जोडायचा, मग वडिलांच्या केबिनकडे वळायचा. वडील कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर कोट खुंटीला लावताना नीट झटकून लावायचे, बाही सरळ करून. मॅनरिंग टोपी घालताना दोन्ही हातांनी जागेवर बसवतो ना, ते पाहिलं की मला तो कोट आठवतो.

म्हणून मला ही मालिका नुसती हसण्यावारी नेता येत नाही. तो माणूस पोकळ वाटतो, पण खरंच जर्मन आले असते तर तो पहिला पुढे गेला असता, हे लेखकांनीही ठेवलंय आणि लोनेही. एकाही भागात तो भित्रा नाही.

मुक्कामपोस्ट

पडवी, कोटाचं वाचून थांबलो. अगदी हेच म्हणायचं होतं. लोने मॅनरिंगची टिंगल केली असती तर दुसऱ्या पर्वात सगळं संपलं असतं. १९७३ मधला पाणबुडीवाल्यांचा भाग घ्या. पकडलेला जर्मन कप्तान नावं टिपून घेतोय, तुकडीतला पोरगेला पाइक आगाऊपणा करतो, कप्तान त्याचं नाव विचारतो आणि मॅनरिंग पाइकला नाव सांगू नकोस म्हणताना स्वतःच नाव घेऊन टाकतो. ब्रिटनमध्ये हे वाक्य लहान पोरालाही पाठ आहे. पण नीट ऐका. लो ते विनोद म्हणून टाकतच नाही, सरळ हुकूम सोडतो, पोराला वाचवायच्या घाईत. हसू त्या घाईतून येतं.

टोकदार

सगळं मान्य, पण एक गोष्ट धाग्यात यायला हवी. लोला सहायक अभिनेत्याचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मोठा चित्रपट पुरस्कार, मिळाला तो 'ओ लकी मॅन!' या १९७३ च्या चित्रपटासाठी. त्यात त्याने तीन कामं केली आणि त्यातलं एक आफ्रिकेतल्या हुकूमशहाचं होतं, तोंडाला काळं फासून. चित्रपट भांडवलशाहीवर आणि वसाहतवाल्यांवर आसूड ओढणारा आहे, दिग्दर्शक लिंडसे अँडरसन काही साधा माणूस नव्हता, सगळं ठाऊक आहे. तरी काळा नट न घेता गोऱ्याला रंगवणं हे तेव्हाही चूकच होतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा मान या कामाशी जोडलेला आहे हे चाहत्यांनी झाकू नये.

मुक्कामपोस्ट

झाकायचं नव्हतं, पण मूळ लेखात लिहिलं नाही ही चूक कबूल. मी तो चित्रपट दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्या भागात अंग चोरून बसलो. बाकीच्या दोन भूमिकांत तो उत्तम आहे, विशेषतः कॉफी कंपनीचा साहेब. पण बक्षीस तिन्हींचं मिळून होतं, वेगळं काढता येत नाही. त्याच दिग्दर्शकाच्या १९६८ च्या 'इफ....' मधला वसतिगृहाचा मास्तर मला कितीतरी मोलाचा वाटतो. थोडकं काम आहे, पण त्यात एक घाबरलेला सज्जन माणूस पूर्ण उभा राहतो.

तिसरी_घंटा

मी पंचवीस वर्षं व्यावसायिक रंगभूमीवर पडद्यामागे आहे. दौरे, बसचा प्रवास, सकाळी कोल्हापूर आणि रात्री सांगली, सगळं केलंय. दोन मुद्दे.

पहिला. लो संहिता घरी न्यायचा नाही, पाठांतर तालमीतच व्हायचं आणि पुष्कळदा अर्धवट. निर्माता डेव्हिड क्रॉफ्टने त्याला एका भागाच्या दोन प्रती धाडल्या होत्या, एक रात्री उशीखाली ठेवायला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. लोक कौतुकाने सांगतात. मला कौतुक वाटत नाही. समोरच्या नटाला आपलं वाक्य कधी येणार हे कळत नसेल तर त्याची रात्र जाते. मालिकेतले त्याचे सोबती नट बघा: जॉन लॉरी सत्तरीत होता, आर्नल्ड रिडली त्याच्याहून मोठा आणि पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जखमी झालेला. ती म्हातारी माणसं शब्द पाठ करून येत होती. रेपर्टरीत दर आठवड्याला नवं नाटक पाठ करणाऱ्या माणसाने हे करू नये.

दुसरा मुद्दा शेवटच्या दिवसांचा. १४ एप्रिल १९८२. दुपारी बर्मिंगहॅममध्ये 'पेबल मिल अ‍ॅट वन' या थेट कार्यक्रमात मुलाखत दिली. संध्याकाळी त्याच गावात अलेक्झांड्रा थिएटरला 'होम अ‍ॅट सेव्हन'चा खेळ होता. खेळाआधी रंगपटात तो कोसळला. पक्षाघात. पहाटे इस्पितळात गेला, ६६ वर्षांचा होता. त्याच नाटकात जोन होती. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं आली आणि जोन त्यांत नव्हती. ती बेलफास्टला त्याच नाटकाचा खेळ करत होती, तिला प्रयोग चुकवायचा नव्हता.

मला हे समजतं. आमच्यात हे वेगळं सांगावं लागत नाही.

सांजवेळ

तिसरी_घंटा, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, मला हे समजत नाही. चौतीस वर्षांचा संसार. आयुष्यभर ज्याच्याबरोबर उभी राहिली त्याला निरोप द्यायला एक दिवस थांबायला काय हरकत होती? बदली नटी नसते का? 'खेळ थांबता कामा नये' हे आपण इतकं उचलून धरतो की माणसं त्याखाली दबतात. माझी मावशी संगीत नाटकात होती. तिच्या आईच्या तेराव्यालाही तिला सोडलं नाही, आणि ते तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

तिसरी_घंटा

ताई, मावशींना सोडलं नाही आणि जोन स्वतः गेली नाही, यात मला फरक दिसतो. लो शेवटच्या वर्षांत फार थकला होता. मधेच झोप लागायची, त्याला नार्कोलेप्सी होती. तरी तो इंग्लंडभर नाटकाचे दौरे करत होता, टीव्हीवर इतकं नाव असताना. त्याला घरी बसता आलं असतं. पण दौऱ्यात जोनला काम मिळायचं आणि दोघं रोज रात्री एका रंगमंचावर असायचे. 'डॅड्स आर्मी'तही तिला तुकडीतल्या म्हाताऱ्या गॉडफ्रीची बहीण डॉली म्हणून आणलं होतं. त्यांचं घर म्हणजे ते नाटकच होतं. नवरा जिथून उठून गेला त्याच नाटकात ती पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या गावात, थोड्या लोकांपुढे, शवपेटीशेजारी उभं राहण्यापेक्षा तिला ते जवळचं वाटलं असेल. मी तिच्या मनातलं सांगू शकत नाही. पण रंगपटातल्या आरशासमोर बसून चेहरा रंगवायला घेणं किती अवघड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

सांजवेळ

हं. 'त्यांचं घर म्हणजे ते नाटकच होतं' यावर विचार करतेय. अजून पटलं नाही, पण राग गेला.

कोकणकडा

इथे भारताशी खरा धागा आहे तो कोणी सांगितला नाही. सार्जंट विल्सन झालेला जॉन ल मेजुरियर युद्धात खराखुरा कॅप्टन होता आणि त्याची नेमणूक हिंदुस्थानात होती, वायव्य सरहद्दीवर. कॅप्टन झालेल्या लोला मात्र कमिशन कधी मिळालं नव्हतं. म्हणजे पडद्यावर जे उलटं केलंय ते आयुष्यात सुलट होतं. आणि तुकडीतला सर्वांत म्हातारा जोन्स करणारा क्लाइव्ह डन तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, लोहून लहान. तो युद्धात जर्मनांचा कैदी होता.

आता प्रश्न. ८० भाग बघायला वेळ नाही. कुठून सुरू करू?

मुक्कामपोस्ट

कोकणकडा, ल मेजुरियरचं सांगितलंत, आभार. तिसरी_घंटा, पाठांतराबद्दल तुमचं बरोबर आहे, मी आजवर तो किस्सा हसतच वाचला होता.

कुठून सुरू करायचं? पाणबुडीचा भाग सगळे सांगतील, तो बघाच. पण माझ्या मते दोन भाग आधी बघा. एक १९७५ च्या नाताळातला, 'माय ब्रदर अँड आय'. त्यात लोने मॅनरिंगचा थोरला भाऊही केलाय, गावोगाव चुटक्या-खेळण्यांचा माल विकत फिरणारा, लालभडक नाकाचा दारुडा. समोरासमोर दोघे भाऊ, दोन्ही तोच. मोठ्याला वडिलांचं घड्याळ हवंय. त्यात लो आवाज फार बदलत नाही. खांदे सैल सोडतो, बस. मॅनरिंगने आयुष्यभर ते खांदे किती ताणून धरलेत ते तेव्हा दिसतं.

दुसरा १९७० चा, 'मम्स आर्मी'. तुकडीत बायकांना घ्यायचं ठरतं आणि लंडनहून आलेल्या मिसेस ग्रे येतात. मॅनरिंगची बायको एलिझाबेथ आपल्याला मालिकेत कधीच दिसत नाही. एका भागात बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठीच्या निवाऱ्यातल्या वरच्या बिछान्याला पडलेली झोळ तेवढी दिसते. तर हा माणूस पहिल्यांदाच कोणाबरोबर तरी कॉफी प्यायला लागतो. गावात कुजबुज होते. ती परत निघते आणि तो स्टेशनवर तिला गाठतो. बँकेचा मॅनेजर, तुकडीचा कॅप्टन, स्टेशनच्या उपाहारगृहात हलक्या आवाजात जाऊ नको म्हणतो. विनोदी मालिकेतली ही काही मिनिटं आहेत आणि लोने त्यात एकही हशा मागितलेला नाही. गाडी येते, ती बसते.

सांजवेळ, हा भाग तुम्हीही बघा. आणि बघून झाला की जोनबद्दल पुन्हा इथे लिहा.

सांजवेळ

काल रात्री पाहिला. तो फलाटावर उभा असताना मला एकदम आठवलं, की पाच पौंडांवर काम करताना याला याची माणूस भेटली होती. लिहिते सवडीने. आईला दाखवायचाय आधी.